वाचकांचे प्रश्न : बाबासाहेबांची भाषणे आणि त्यांतली सुटी वाक्ये

मागील अंकात आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संविधान सभेतील समारोपाच्या भाषणावर एक टिपण छापले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत वाचायला मिळाली. बाबासाहेबांची वाक्ये भिंतींवर, फलकांवर आणि मोबाइलवरच्या संदेशांत रोज भेटतात. परंतु ती कोणत्या भाषणातली, कोणासमोर उच्चारलेली आणि कशाच्या उत्तरादाखल आलेली, हे सांगणारे कोणी भेटत नाही. त्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी अलीकडेच नोकरीतून निवृत्त झालो आहे. बाबासाहेबांचे एखादेच भाषण अथपासून इतिपर्यंत वाचायचे ठरवले, तर कोणते वाचावे?

उत्तर : आपण २५ नोव्हेंबर १९४९ चेच भाषण वाचावे, असे आम्ही पुन्हा सुचवू. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले जायचे होते आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब चर्चेला उत्तर देत होते. भाषणाचा पहिला भाग एखाद्या दक्ष कारभाऱ्याने हिशेब मांडावा तसा आहे. संविधान सभेला २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस लागले. ११ अधिवेशने झाली. १६५ दिवस कामकाज चालले आणि त्यांपैकी ११४ दिवस मसुद्यावर खर्च झाले. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. वेळ फार लागला अशी टीका होत होती, म्हणून त्यांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांना लागलेला काळही पुढे ठेवला आणि आपल्या संविधानातील कलमांची संख्या त्या देशांच्या कलमांशी ताडून दाखवली. एका सदस्याने मसुदा समितीला ‘भरकटणारी समिती’ म्हटले होते. अधिक चांगल्याचा शोध घेणे आणि भरकटणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असे त्याला सुनावताना त्यांनी गळ टाकून मासा मिळण्याची वाट पाहणाऱ्याची उपमा वापरली. कामाच्या श्रेयातला मोठा वाटा त्यांनी घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना देऊन टाकला.

मग एक वळण येते. येथे मला थांबता आले असते, पण देशाच्या भवितव्याच्या विचाराने मन इतके भरून आले आहे की त्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही, अशा आशयाचे ते बोलतात. तिथून पुढचे भाषण आजही छातीवर दडपण आणते. भारत पूर्वी स्वतंत्र होता आणि त्याने ते स्वातंत्र्य एकदा गमावले, ते आपल्याच माणसांच्या फितुरीमुळे, ही आठवण ते सिंधच्या राजा दाहिराच्या लाच खाल्लेल्या सेनापतींपासून देतात आणि १८५७ पर्यंत येऊन पोहोचतात. त्यानंतर तीन इशारे येतात. सामाजिक व आर्थिक उद्दिष्टे गाठण्यासाठी घटनात्मक मार्गच धरावा. कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये. आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानून बसू नये. दुसऱ्या इशाऱ्यात जॉन स्टुअर्ट मिल आणि आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांची वचने येतात. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, हे प्रसिद्ध वचनही त्याच ठिकाणचे आहे. ज्या मुलखाची वाणी सातशे वर्षे भक्तीने घडवली, त्या मुलखातल्या माणसाने ‘भक्ती’ हाच शब्द इंग्रजी भाषणात जसाच्या तसा ठेवावा, याकडे आमचे लक्ष दर वेळी जाते. कोणत्या शब्दाने ऐकणाऱ्यांच्या मनात काय जागे होईल, याची त्यांना पक्की जाण होती.

तिसऱ्या इशाऱ्यातले वाक्य सर्वाधिक उद्धृत होते. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत; राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असेल. मात्र लोक येथेच थांबतात. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक या सभेने कष्टाने उभारलेली राजकीय लोकशाहीची इमारत उडवून देतील, हे त्याला जोडून आलेले वाक्य फलकावर क्वचितच दिसते.

प्रश्न : महाडचा आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह करणारा नेता १९४९ मध्ये सत्याग्रहालाच ‘अराजकाचे व्याकरण’ म्हणतो. हा विरोधाभास नाही का? आमच्या महाविद्यालयातील चर्चेत यावर फार वाद झाला.

उत्तर : वाद झाला हे चांगलेच झाले, कारण प्रश्न नेमका आहे. बाबासाहेबांनी सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांची नावे घेऊन ते बाजूला ठेवायला सांगितले, हे खरे आहे. परंतु त्या वाक्यांना अट जोडलेली आहे. सामाजिक व आर्थिक उद्दिष्टे गाठण्याचा कोणताही घटनात्मक मार्ग उरला नव्हता, तेव्हा अघटनात्मक मार्गांचे बरेच समर्थन करता येत होते; घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर ते करता येणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. भूतकाळातले सत्याग्रह चूक ठरवण्यासाठी तो केलेला नव्हता. प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती मत येणार होते, त्या वेळेसाठी तो होता.

महाडकडे जवळून पाहिले तर ही अट १९२७ मध्येही त्यांच्या मनात होती असे दिसते. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या बहिष्कृत परिषदेतील लोक तळ्याकडे निघाले, ते कागदावर मिळालेला हक्क पायांनी बजावण्यासाठी. गावातील काही सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, तो भाग सर्वांना ठाऊक आहे.

त्या वर्षाच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा तळे खासगी असल्याचा दावा दाखल झालेला होता आणि न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढला होता. महाडला हजारो लोक जमले होते, लोकांची तयारी होती आणि संतापही होता. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांना जे सांगितले, ते अगदी घरगुती बोलण्याच्या लयीत आहे. हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार आहोत असे नाही आणि आजवर ते प्यायलो नव्हतो म्हणून काही मेलो नव्हतो; आपल्याला तळ्यावर जायचे आहे ते इतरांसारखी आपणही माणसेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. पण न्यायालयाचा हुकूम मोडायचा की नाही यावर चर्चा झाली, तेव्हा त्यांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. लोकांनी पाण्याला हात न लावता तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि बाबासाहेब खटला लढवत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांनी. कायद्याचा मार्ग किती लांबचा आणि शिणवणारा असतो हे ज्याने स्वतः भोगले होते, त्याने १९४९ मध्ये तरीही तोच मार्ग धरायला सांगितला. त्या सल्ल्याचे वजन आम्हाला यात वाटते.

काळाराम मंदिराची गोष्ट निराळी आहे, हे मान्य केले पाहिजे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या त्या सत्याग्रहाला पाठीशी असा कोणताही ठराव नव्हता. पाच वर्षे लोकांनी मार खाल्ला, तुरुंगवास सोसला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या भाषणात त्यांनीच तो मार्ग सोडायला सांगितले. हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्याच भाषणातली आहे.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट येथे नोंदवतो. ‘अराजकाचे व्याकरण’ हे शब्द हल्ली कोणत्याही मोर्चावर फेकून मारले जातात. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क त्याच संविधानाच्या १९ व्या कलमात आहे आणि तो मसुदा त्याच समितीच्या हाताखालून गेलेला आहे. पहिला इशारा घ्यायचा आणि उरलेले दोन खिशात ठेवायचे, ही पद्धत सत्तेवर असलेल्या प्रत्येकाला सोयीची असते.

प्रश्न : ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ की ‘शिका, संघर्ष करा, संघटित व्हा’? आमच्या वाचनालयाच्या फलकावर कोणता क्रम लिहावा?

उत्तर : जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतील इंग्रजी भाषणात शब्द येतात ते ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ या क्रमाने. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीदही याच तीन शब्दांचे होते, आणि त्यापूर्वी, १८८० च्या दशकात, ते ब्रिटनमधील समाजवादी वापरत असत. मराठीत मात्र दुसरा आणि तिसरा शब्द एकमेकांच्या जागी गेले आणि ‘ॲजिटेट’चा ‘संघर्ष’ झाला. मराठी कानाला तो क्रम चढत्या भाजणीचा वाटतो आणि घोषणा देताना शेवटचा शब्द मूठ आवळून उच्चारता येतो, हे त्यामागचे कारण असावे असे आम्हाला वाटते.

फरक केवळ क्रमाचा नाही. ‘ॲजिटेट’मध्ये मन ढवळून निघणे, अन्यायाची चीड येणे, स्वस्थ बसवेनासे होणे हा अर्थ आहे; लढाई त्यानंतरची. शिक्षणाने माणूस अस्वस्थ होतो आणि अस्वस्थ झालेली माणसेच टिकाऊ संघटना बांधतात, असा मूळ क्रमाचा अर्थ आम्ही लावतो. आपली लढाई संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नसून स्वातंत्र्यासाठी आणि माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे, हेही त्याच भाषणात पुढे येते. आपण फलकावर मूळ क्रम लिहावा. मात्र रूढ क्रम म्हणणाऱ्याला हटकू नये, कारण तो क्रमही आता दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी बसला आहे.

याच पत्रात आपण ‘शिक्षण हे वाघिणीचे दूध’ या वाक्याविषयीही विचारले आहे. इंग्रजी विद्येला ‘वाघिणीचे दूध’ म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये वारले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. हा शब्दप्रयोग मराठीत आधीपासून रुळलेला होता, हे लक्षात घेऊन फलकासाठी दुसरे वाक्य निवडावे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालिकेच्या १८ व्या खंडाच्या तीन भागांत मराठी भाषणे तारीख व स्थळासह एकत्र केलेली आहेत. वाक्य लिहिण्याआधी ते तिथे शोधण्याची सवय वाचनालयाने लावली, तर गावातल्या इतर फलकांचीही सोय होईल.

प्रश्न : ‘हे संविधान मीच जाळीन’ असे बाबासाहेब म्हणाले होते, असा संदेश दर नोव्हेंबरात फिरतो. हे खरे की खोटे?

उत्तर : शब्द खरे आहेत, त्यांतून काढला जाणारा अर्थ खोटा आहे. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती. बाबासाहेब १९५१ मध्येच मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राज्यपालांना काही अधिकार असावेत, असे ते मांडत होते आणि संविधान तर तुम्हीच केले, असे त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवले जात होते. त्या चिडीत ते म्हणाले की मी भाडोत्री होतो, मला जे करायला सांगितले ते मी मनाविरुद्धही केले, आणि ते जाळायला पहिला मीच पुढे होईन.

फिरणारा संदेश येथे संपतो. भाषण मात्र पुढे चालते. बहुसंख्याक आणि अल्पसंख्याक दोन्ही असतात हे लोकांनी विसरू नये. तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला इजा होईल, असे सांगून अल्पसंख्याकांना वाटेला लावता येणार नाही. उलट त्यांना दुखावल्यानेच सर्वांत मोठी इजा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. सुमारे दीड वर्षाने, १९ मार्च १९५५ रोजी, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत एका सदस्याने त्यांना त्या वाक्याची आठवण करून दिली. त्यावर त्यांनी देवळाचा दृष्टान्त दिला. देवासाठी देऊळ बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच सैतानाने ते बळकावले, तर देऊळ पाडण्यावाचून दुसरे काय करणार? ते सैतानासाठी थोडेच बांधले होते! संदेश पाठवणाऱ्याला आपण ही दुसरी तारीख कळवावी.

प्रश्न : ‘संविधान सभेत त्यांनी खेड्यांना नावे ठेवली’ असे आमचे एक शेजारी नेहमी म्हणतात.

उत्तर : ठेवली, आणि कडक शब्दांत ठेवली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी खेड्याला कोत्या वृत्तीचे डबके आणि अज्ञानाची गुहा म्हटले. मसुद्यात ग्रामपंचायतींना जागा नाही, या टीकेला ते उत्तर देत होते. खेडे म्हणजे एक स्वयंपूर्ण छोटे प्रजासत्ताक, असे त्याचे कौतुक इंग्रज अधिकारी मेटकाफ याने करून ठेवले होते आणि टीकाकार त्याच कौतुकाचा आधार घेत होते. गावकुसाबाहेरून पाहणाऱ्याला ते प्रजासत्ताक कसे दिसत असे, हे मेटकाफला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सभागृहातील अनेकांना ते बोलणे लागले. त्याच महिन्यात के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. आजचे ४० वे कलम ते हेच. हेही शेजाऱ्यांना सांगावे.

प्रश्न : महाडला त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीचा दाखला दिला आणि पुढे मात्र स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे बुद्धाकडून घेतली असे म्हटले. यांतले कोणते खरे मानावे?

उत्तर : दोन्ही, कारण दोन्ही ठिकाणी ते वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांच्यासमोर खेड्यापाड्यांतून पायी आलेली माणसे होती, आणि आपण जमलो आहोत तो प्रसंग केवढा मोठा आहे हे त्या माणसांना सांगायचे होते. म्हणून त्यांनी १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच सभेशी महाडच्या परिषदेची तुलना केली. सवर्णांनी नाकारलेल्या एका तळ्याची ही तक्रार नसून हिंदू समाजाची नव्याने घडी बसवण्याचा हा आरंभ आहे, असे त्यातून त्यांना ठसवायचे होते.

३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणाचा विषय त्यांचे स्वतःचे तत्त्वज्ञान हा होता. तिथे त्यांनी स्पष्ट केले की हे तीन शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसने घेतलेले नाहीत. त्यांची मुळे राजकारणात नसून धर्मात आहेत आणि आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून ते आले आहेत. या दोहोंच्या मध्ये १९४९ चे भाषण उभे आहे. ठराव, गणसंख्या, पक्षादेश, गुप्त मतदान हे संसदीय कामकाजाचे नियम बौद्ध भिक्षुसंघांना ठाऊक होते, असे ते त्यात सांगतात आणि पुढे बंधुतेकडे येतात. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता यांची खोली रंगाच्या थराइतकीच राहील, हे त्यांचे वाक्य आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेईपर्यंतचा प्रवास या तीन तारखांवर बोट ठेवून वाचता येतो.

प्रश्न : न्यायालये ही भाषणे खरोखर वापरतात का, की फक्त गौरवाने नाव घेतात?

उत्तर : वापरतात, आणि निकालाची दिशा ठरवताना वापरतात. सार्वजनिक नोकऱ्यांतील आरक्षणावर ३० नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना बाबासाहेबांनी संधीची समानता आणि राखीव जागा यांचा मेळ घालायचा तर राखीव जागांचे प्रमाण अल्पांश असावे लागेल, असे म्हटले होते. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांच्या मर्यादेची चर्चा करताना या भाषणाचा आधार घेतला. ३२ व्या कलमाला त्यांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येण्याविषयीच्या निकालांत ते वाक्य वारंवार येते.

‘घटनात्मक नैतिकता’ या शब्दांचा प्रवास जास्त रंजक आहे. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात, ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन, त्यांनी तो शब्द बऱ्याच मर्यादित कामासाठी वापरला होता. ही नैतिकता आपल्याकडे उपजत नाही, ती जोपासावी लागेल आणि तोवर प्रशासनाचे तपशीलही संविधानातच लिहिणे शहाणपणाचे, असे त्यांना सांगायचे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांविषयीच्या निकालांत हा शब्द बहुसंख्याकांच्या नैतिक कल्पनांपुढे व्यक्तीचा बचाव म्हणून उभा केला. अर्थ रुंदावला आहे, यात शंका नाही. तो भाषणाच्या विरुद्ध दिशेला गेला आहे असे मात्र आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : ते भाषणे लिहून काढत असत का?

उत्तर : दोन टोकांची दोन उदाहरणे देतो. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी अध्यक्षीय भाषण लिहून छापून घेतले. मंडळाने काही भाग गाळायला सांगितला, तेव्हा त्यातला स्वल्पविरामही बदलणार नाही, असे त्यांनी कळवले. परिषदच रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले आणि १,५०० प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. कोणासमोरही न झालेले ते भाषण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने आज त्यांच्या लेखनात बहुधा सर्वाधिक वाचले जाते.

दुसरे उदाहरण १७ डिसेंबर १९४६ चे. संविधान सभेत नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव चर्चेला होता. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी बाबासाहेबांचे नाव अचानक पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस नावे होती आणि पाळी आलीच तर उद्या येईल असे वाटत होते, त्यामुळे आपली काही तयारी नाही, अशी कबुली देऊनच त्यांनी सुरुवात केली. मुस्लिम लीग सभेत येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, ही सभेचे सदस्य मुकुंदराव जयकर यांची सूचना ते उचलून धरत होते, म्हणजे सभागृहातील बहुमताला न रुचणारी बाजू मांडत होते. आज आपण परस्परांशी लढणाऱ्या छावण्यांत विभागलेले आहोत, पण हा देश एक होईल याविषयी आपल्या मनात शंका नाही, असे ते म्हणाले. सत्ता देणे सोपे असते, शहाणपण देणे अवघड असते, हेही त्यांनी ऐकवले. ज्या काँग्रेसशी त्यांचे आयुष्यभर वाजले होते, त्याच काँग्रेसच्या सदस्यांनी ते भाषण कान देऊन ऐकले. फाळणीमुळे बंगालमधून मिळालेली त्यांची जागा गेली, तेव्हा ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून त्यांना तातडीने निवडून पाठवायला सांगितले. जागाही मिळाली ती जयकरांच्या राजीनाम्याने मोकळी झालेली.

प्रश्न : मी आठवीत शिकते. २६ नोव्हेंबरला शाळेत तीन मिनिटांचे भाषण करायचे आहे. सगळे जण तेच तेच बोलतात. काय बोलू?

उत्तर : तुला एक गोष्ट देतो. ती बाबासाहेबांनी स्वतः २५ नोव्हेंबरच्या भाषणात ब्राइस नावाच्या लेखकाच्या आधाराने सांगितली होती, आणि ती आजवर आम्ही कोणत्याही शालेय भाषणात ऐकलेली नाही. अमेरिकेतील एका ख्रिस्ती पंथाच्या परिषदेत प्रार्थनांची नवी रचना चालू होती. सर्व लोकांसाठी एक छोटी प्रार्थना असावी असे ठरले आणि एका धर्मगुरूने ती सुचवली : हे प्रभो, आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे. दुपारी ती संमत झाली. दुसऱ्या दिवशी मात्र लोकांनी ‘राष्ट्र’ या शब्दालाच हरकत घेतली, कारण आपण अजून एक राष्ट्र झालो आहोत असे त्यांना वाटत नव्हते. शेवटी ‘हे प्रभो, या संयुक्त संस्थानांना आशीर्वाद दे’ अशी प्रार्थना ठरली. ही गोष्ट सांगून बाबासाहेबांनी सभागृहाला विचारले की हजारो जातींत विभागलेले लोक एक राष्ट्र कसे होणार? आपण राष्ट्र झालो आहोत असे मानणे हा मोठा भ्रम आहे आणि जाती या राष्ट्रविरोधी आहेत, असे ते म्हणाले.

गोष्ट सांगायला दोन मिनिटे पुरतील. उरलेल्या एका मिनिटात, तुमच्या वर्गात डबा खाताना कोण कोणाशेजारी बसते, ते सांग.